गीतकार : पारंपरिक

भोर,
९ जून २०२४

ती. कुंडलिकमामा यांस,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

पाकीट एवढं जाड बघून मामी विचारेल, भाचीनं लग्नाची याद्या-पत्रं पाठवली की काय. तसं काही नाही म्हणून सांगा. आत सगळे माझ्या कामाचे कागद आहेत. तुमच्या वाडीत रेंज नाही आणि दादा तर पोटच्या पोरीशीही फोनवर 'हं' याच्या पुढे बोलत नाहीत, त्यांचा निरोपही तुमच्यामार्फतच, म्हणून आपल्या घरात अजून मीच एकटी पोस्टाची तिकिटं विकत घेते. टपालखात्यातला माणूस मला नावानं ओळखायला लागलाय.

मामा, गेल्या वर्षी ऑर्केस्ट्रा सोडला आणि आपलं गाणं आपणच करायचं ठरवलं, तेव्हा वाटलं होतं, आता दिवसभर गायचं. प्रत्यक्षात आठवड्यातून एक दिवस गाते आणि सहा दिवस कारकुनी करते. गाण्याची नोंदणी, कार्यक्रमांचे करार, तारखा, कुणाला रीलसाठी परवानगी हवी, कुणी न विचारताच वापरलंय, ते काढायला लावायचं. एका मेलला उत्तर लिहावं तर त्याचे तीन होऊन परत येतात. तुम्ही पंचायत समितीत तेहेतीस वर्षं टेबल सांभाळलंत. निवृत्त झाल्यापासून फायलीला दोरी बांधायला मिळत नाही म्हणून तुमचे हात शिवशिवतात, असं मामीच म्हणाली होती. तेव्हा घ्या.

यातलं निम्मं काम आईच्या गाण्याचं आहे. आई जायच्या आधी ओटीवर बसून जे म्हणाली ते मी माझ्या फोनवर घेतलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या खाली दिमडी आणि माझा आवाज घालून मी ते जानेवारीत इंटरनेटवर सोडलं. ते आता कुठं कुठं पोचलंय ते मलाही सांगता येत नाही. बारशांना वाजतं, रिक्षात वाजतं. परवा बाजारात एका भाजीवालीच्या फोनवर आई गात होती आणि ती बाई कोथिंबीर निवडत होती. मी भाजी न घेता परत आले.

गायिका म्हणून मी आईचं नाव घातलं, त्यामुळे ज्या ॲपवर गाणं आहे त्या कंपन्यांचे यांत्रिक मेल तिच्याच नावानं येतात. नमस्कार सरूबाई, तुमचे श्रोते नव्या गाण्याची वाट पाहत आहेत. सरूबाई, बऱ्याच दिवसांत तुम्ही इकडे आला नाहीत. सकाळी चहाचा कप घेऊन बसते आणि पहिलं तेच दिसतं. दोन वर्षं झाली तिला जाऊन, मामा.

दादांना अजून हे ऐकवलेलं नाही. राहून गेलं.

मामीला जयभीम. तब्येत जपा, आणि माझ्या कागदांवर रागावलात तरी माझ्यावर रागावू नका.

तुमची,
माया

---

वेल्हे,
२१ जून २०२४

चि. माया हिस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पाकीट पोचलं. कागदांची अवस्था बघून आधी हसलो, मग कपाळावर हात मारला. एका करारावर तारीख नाही, दुसऱ्यावर सही नाही, तिसऱ्यावर चहाच्या कपाचा गोल शिक्का आहे. तो कुठल्या खात्याचा म्हणायचा? मामीनं सगळं ओसरीवर पसरून दिलं आणि वर पाट ठेवले, कारण वारा सुटला होता. दोन दिवस आमच्या घरात कुणी नीट चाललं नाही.

तजवीज अशी केली आहे. आवक-जावक नोंदवही घातली. आलेला प्रत्येक मेल तू छापून पाठवायचा, मी उत्तराचा मसुदा करीन, तू तो तिकडून धाडायचा. कार्यक्रमांची फाईल निळी. आक्काच्या गाण्याची फाईल वेगळी, तांबडी. निळीचं काम सरळ आहे, आठवड्यात मार्गी लावतो.

तांबडीत मात्र रकाने रिकामे आहेत, आणि रिकामा रकाना ठेवून कागद पुढं ढकलायची मला सवय नाही. म्हणून विचारतो. गीतकाराच्या जागी काय लिहायचं? गायिकेची संमती होती का, असं विचारलंय तिथं तू 'होय'ला खूण केलीस. ती संमती कोणत्या दिवशीची, तोंडी की लेखी, आणि आक्काचे शब्द काय होते? ते जसेच्या तसे लिहून पाठव.

आणखी एक. वेल्ह्याच्या स्टँडवर मी ते गाणं पूर्ण ऐकलं. कंडक्टरनं दोनदा लावलं. आक्काचा आवाज ऐकून माझी गाडी सुटली, ते जाऊ दे. त्यात साळू असं नाव आहे. ते कुणाचं, हे तू घरात कुणाला विचारलं होतंस का?

दाजींना सांगून टाक. माणसाच्या बायकोचा आवाज गावभर फिरतोय आणि त्यालाच माहीत नाही, हे बरं न्हवं.

पावसाळ्यात घसा सांभाळ. तुझ्या गळ्यावर आता माझीही नोकरी अवलंबून आहे.

तुझा,
कुंडलिकमामा

---

भोर,
१४ जुलै २०२४

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

निळ्या फाईलचे मसुदे मिळाले. तुमचं 'उपरोक्त विषयास अनुसरून' वाचून पुण्याच्या एका संयोजक बाईंनी विचारलं की मी आता सरकारी खात्यात लागले का. पण तारीख मात्र त्यांनी पहिल्यांदाच लगेच पक्की केली.

गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' लिहा. अंगाईगीतंच ती, बायकांच्या तोंडची, कुणी रचली कुणाला ठाऊक. आईनं तिच्या आईकडून घेतली असणार. साळू म्हणजे मला साळुंकी वाटली होती.

आता महत्त्वाचं. लहान मुलांचे कपडे करणारी एक कंपनी आहे. त्यांना आईचं गाणं जाहिरातीला हवंय, टीव्हीवर. हे झालं तर माझं पुढचं सगळं रेकॉर्डिंग नीट स्टुडिओत होईल, माणसं ठेवता येतील, ही कारकुनी सुटेल. त्यांना ऑगस्टअखेर वारसांची ना-हरकत हवी. म्हणजे माझी आणि दादांची सही. फॉर्म सोबत जोडलाय. मामा, तुम्ही पालीला जाऊन दादांची सही आणाल का? भाताची लावणी चाललीय, ते भोरला यायचे नाहीत. आणि मी गेले तर मला नीट सांगता येणार नाही.

परवा एक विचित्र झालं. नाव खरं आहे का हे तपासायला गाण्याच्या ॲपवाल्या कंपनीनं मेल धाडला की सरूबाई, कॅमेऱ्यासमोर बसा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा. मी भिंतीवरचा आईचा फोटो काढला आणि लॅपटॉपपुढे धरला. का धरला, सांगता येत नाही. पडद्यावर अक्षरं आली की चेहरा स्थिर आहे, कृपया हालचाल करा. मी फोटो तसाच धरून बसले. हात दुखायला लागले तेव्हा ठेवला.

संमतीबद्दल नंतर लिहीन. आज कामं फार आहेत.

मामीच्या गुडघ्याला तेल पाठवलंय. माझ्यासाठी एवढी पायपीट कराल ना?

तुमची,
माया

---

वेल्हे,
५ ऑगस्ट २०२४

चि. माया हिस,
आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

काल पालीला जाऊन आलो. सही झाली नाही. का झाली नाही ते क्रमानं लिहितो, म्हणजे तुला नीट कळेल.

मी पोचलो तेव्हा दाजी ओटीवर नव्हते. शेजारच्या चिमाजीनं सांगितलं, रविवार आहे, बांधावर असतील. रविवारी तिथं काय, म्हणून विचारलं तर तो जरा चाचरला. मग सगळं बोलला.

तीन आठवड्यांपूर्वी दाजी तळच्या खाचरात लावणी करत होते. राजगडला निघालेली पुण्याची पोरं वाटेनं आली. त्यांच्या पाठपिशवीवर डबा होता गाणी वाजवायचा. त्यातून आक्का गायला लागली. दाजींच्या हातातून तरव्याच्या रोपांची मूठ पाण्यात पडली. ते बांध चढून वर आले आणि काही न बोलता त्या पोरांच्या मागं चालायला लागले. पोरांना वाटलं म्हातारा वाटाड्या आहे. गाणं संपलं, दुसरं लागलं, तरी हे मागंच. चिमाजी शोधत गेला तेव्हा पाली दरवाजाच्या पायऱ्यांखाली बसले होते, गुडघ्यापर्यंत चिखल, पाऊस अंगावर. त्यांनी चिमाजीला एवढंच विचारलं की तुलाबी आयकू आलं का. तो व्हय म्हणाला. तेव्हा उठले. म्हणजे आपलं डोकं फिरलं नाही याची त्यांना खात्री हवी होती. तेव्हापासून दर रविवारी ते बांधावर उभे असतात.

तू राहून गेलं म्हणून लिहिलंस. असं राहून गेलं ते.

मी त्यांना घरी आणलं, चहा घेतला आणि काहीही न लपवता गाणं तू सोडलंस हे सांगितलं. रागावले नाहीत. फॉर्म वाचून दाखव म्हणाले. मी वाचला. गायिका, कैलासवासी असं कंपनीनं छापलं होतं ते खोडून मी दिवंगत सरूबाई म्हटलं. मग गीतकार, पारंपरिक. त्यांनी मला थांबवलं आणि पारंपरिक म्हंजे काय, असं विचारलं. मी म्हटलं, कुणी केलं ते ठाऊक नाही, जुनं, कुठल्या तरी गेलेल्या माणसाचं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, म्या केलं व्हतं.

माया, साळू म्हणजे साळुंकी नाही. तुझी थोरली बहीण. तुमच्या घरात तिला 'पहिली' म्हणायचे, नाव घ्यायचे नाहीत, म्हणून तुला माहीत नाही. आठ महिन्यांची होती. लावणीच्या दिवसांत आक्का खाचरात आणि पोर बांधावरच्या उंबराला झोळीत. दाजी झोळीला झोका द्यायचे आणि हे म्हणायचे,

नीज नीज माझ्या साळू, भात यील पोटरीला
ऊन थोडं बांधून ठेव बापाच्या गं शिदोरीला

मी तेव्हा शाळेत होतो, मला वाटायचं आक्कानंच रचलंय. त्याच आषाढात पोरीला ताप आला. ओढा दोन दिवस उतरला नाही. वेल्ह्याला डॉक्टर होता, पण पलीकडं. तिसऱ्या दिवशी ओढा उतरला तेव्हा घाई उरली नव्हती. त्यानंतर दाजींनी ते गाणं तोंडातून काढलं नाही. आणि आक्का म्हणत होती हे आता सगळ्या जगाला कळलं.

सही मागितली नाही मी. निघताना त्यांनी एकच गोष्ट विचारायला सांगितली. ती तुझ्यासाठी म्हणाली, का ती म्हनत व्हती आन तू आयकलंस? माझ्या रकान्यातही हाच प्रश्न गेले दीड महिना रिकामा आहे. आता खरं काय ते लिही.

तुझ्यावरचा जीव आहे तेवढाच आहे, कमी झालेला नाही. म्हणूनच विचारतो.

तुझा,
मामा

---

भोर,
१७ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
जयभीम.

चार वेळा लिहायला बसले.

मला बहीण होती हे माहीत होतं. तिला नाव होतं हे माहीत नव्हतं. हजारो लोकांना ते पाठ आहे.

त्या दिवशी आई ओटीवर तांदूळ निवडत होती. आजारपणात आम्ही तिला कामाला हात लावू द्यायचो नाही, पण ती ऐकायची नाही. मी आत होते. ती म्हणायला लागली. मी फोन चालू केला आणि दाराआड उभी राहिले. दुसऱ्या कडव्यानंतर ती खोकली, पाण्याचा पेला उचलला, मान वळवली आणि तिला मी दिसले. फोनही दिसला. जी ध्वनिफीत लोकांनी ऐकली ती खोकल्याच्या आधी संपते. माझ्याकडची आणखी बत्तीस सेकंद चालते. तिचे शब्द तुम्हाला जसेच्या तसे हवे होते. ते असे : बंद कर ते, माये. कुनाला आयकवू नको. ह्यांच्या कानावर तर जाऊच द्यायचं न्हाई. मग पेला खाली ठेवल्याचा आवाज आणि मी बरं म्हणाल्याचा.

अकरा दिवसांनी ती गेली.

दीड वर्ष मी ते उघडलं नाही. मग ऑर्केस्ट्रा सुटला, माझी तीन गाणी आली आणि कुणाच्या लक्षातही आली नाहीत. डिसेंबरात मी ते उघडलं आणि बत्तीस सेकंद कापली. एक रेघ मारायची असते, मामा, आणि एक बटण दाबायचं. संमतीच्या चौकोनात खूण करायला त्याहून कमी वेळ लागला.

तेव्हापासून ते मला ऐकू येतं. हेडफोन घालून दुसऱ्याचं गाणं ऐकत असले तरी शेवटी शांतता झाली की पेला ठेवल्याचा आवाज येतो. सरूबाई, बऱ्याच दिवसांत तुम्ही आला नाहीत, असा मेल आला की मागे तिचं बंद कर ते ऐकू येतं. मी वळून बघते. दुपारच्या लख्ख उन्हात बघते.

तो जुना फोन डब्यात घालून सोबत पाठवलाय. पूर्ण फीत त्यात आहे. तुम्ही दादांना ऐकवा. मला जमणार नाही.

मामीला माझ्यातर्फे काही सांगू नका.

माया

---

वेल्हे,
२३ ऑगस्ट २०२४

चि. माया हिस,
जयभीम.

फोन न उघडता परत पाठवत आहे. तुझे कागद मी लिहीन, मसुदे करीन, पोस्टाच्या रांगेत उभा राहीन. हे एक काम माझ्या टेबलाचं नाही.

पालीला जा. मी येणार नाही. मामीनं सोबत भाकरीचं पीठ दिलं आहे, दाजींचं संपत आलं होतं. ते निमित्त पुरेल.

जीव लावणारा,
मामा

---

भोर,
१६ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

जाऊन आले. मामीला सांगा, पिठाच्या भाकरी मीच केल्या आणि दादांनी कडा जाड झाल्या म्हणून नावं ठेवली.

जेवणं उरकली. मग फोन काढून दोघांच्या मध्ये ठेवला आणि सांगितलं की आईनं नको म्हटलं होतं, ते मी कापलं. दादा म्हणाले, लाव. मी बाहेर जायला उठले तर म्हणाले, बस हितंच.

पूर्ण ऐकलं त्यांनी. गाण्याच्या वेळी, कणसं पोटात धरून भात पोटरीला आलेल्या खाचराकडे बघत होते. शेवटी आई बोलायला लागली तेव्हा मात्र फोनकडे वळले, जणू ती दारात उभी आहे. संपल्यावर म्हणाले, पुन्यांदा लाव, पर गानं नको, त्याच्या म्होरचं. बत्तीस सेकंद मी त्यांना सहा वेळा ऐकवली. ह्यांच्या कानावर, एवढ्या दोन शब्दांपाशी ते दर वेळी मान हलवायचे.

मग त्यांनी सांगितलं ते तुम्हालाही माहीत नसेल. त्यांना आधीपासून ठाऊक होतं. ओढ्यावर धुणं धुताना ती म्हणायची. एकदा ते बैल घेऊन वरून येत होते आणि त्यांना ऐकू आलं. तिला कळू नये म्हणून ते मागे फिरले आणि लांबच्या वाटेनं आले. नंतर ओढ्याकडे जायचं असलं की लांबूनच बैलांना हाका मारत यायचे, म्हणजे ती गप्प होईल. तिला वाटायचं मला ठाव न्हाई, असं म्हणाले. मला वाटायचं, ऱ्हाऊ दे तिचं तिला. पस्तीस वर्षं, मामा. एकाच घरात.

मी विचारलं, आता काय करू. मला वाटलं होतं, झालं ते झालं म्हणतील. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ती नको म्हनली व्हती न्हवं? मग नको. लई हिंडली ती. आता घरी आन तिला.

मी जाहिरातवाल्यांना नकार कळवलाय. गाणं सगळीकडून काढायचं आहे. कसं काढतात ते मला माहीत नाही, घालायचं तेवढं येतं. मसुदे कराल ना?

तुमचा राग आणि तुमचं टेबल, दोन्ही माझ्या वाट्याला राहू द्या.

तुमची,
माया

---

वेल्हे,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. माया हिस,
आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

आजअखेर जावक नोंदवहीत एकशे बारा पत्रं झाली. मामी म्हणते, सेवेत असताना एवढं काम केलं असतं तर साहेब झाला असता. मूळ गाणं सगळीकडून निघालं. उचलून घेतलेल्यांपैकी बहुतेकांनी काढलं. काहींनी शिव्या लिहून काढलं, काहींनी नुसत्या शिव्या लिहिल्या. ते छापून पाठवू नकोस, मामी वाचते.

काढण्याचं कारण या रकान्याबद्दल तू विचारलंस की तांत्रिक चूक लिहिलं तर चालेल का. चालेल, कुणी तपासणार नाही. पण मी 'इतर' यावर खूण करून पुढं लिहिलं आहे की गायिकेची संमती नव्हती. याचा परिणाम तुला भोगावा लागतोय हे मला दिसतं. पुण्याच्या बाईंनी तारीख रद्द केली, दुसऱ्यांनी खुलासा मागितला. खुलाशाचा मसुदा सोबत आहे, चार ओळींचा. एकही ओळ वाढवू नकोस, रडगाणं नको.

सरूबाई या नावाचं खातंही बंद केलं. शेवटी त्यांनी विचारलं होतं की सरूबाई, तुमची खात्री आहे ना, हे परत मिळणार नाही. माझ्या हातात तो कागद बराच वेळ राहिला. मग होय लिहिलं. मी तिचा धाकटा भाऊ, तिच्या वतीनं एवढं लिहायचा मला हक्क असावा.

कापणीला पालीला गेलो होतो. दाजी बरे आहेत. रविवारी अजून बांधावर जातात. पोरं येतात, त्यांच्या डब्यातून दुसरंच काही वाजतं. दाजी ती वळणापार जाईपर्यंत उभे असतात आणि मग विळा घेऊन खाली उतरतात. 

निळी फाईल फार बारीक झाली आहे. तिच्यात कागद घालत राहा. गात राहा म्हणायची माझी ही पद्धत.

तुझा,
कुंडलिकमामा

---

भोर,
६ जानेवारी २०२५

ती. दादांस,
मायाचा जयभीम.

तुम्हाला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. अक्षर मोठं काढतेय. अडलं तर चिमाजीकाकांकडून वाचून घ्या.

तीन तारखेला सावित्रीबाईंच्या जयंतीला आंबवड्यात महिला मेळावा होता. मामांनीच अर्ज करून मला तिथं गायला लावलं. मंडपात दोनशेक बायका असतील. मी माझी गाणी म्हटली. चौथ्या गाण्यानंतर बायका साळूचं म्हणा, साळूचं म्हणा असं ओरडायला लागल्या. मी हात जोडून सांगितलं की ते गाणं मी म्हणत नाही, ते आता बंद केलंय. एक-दोघींनी फोनवर शोधलं, सापडलं नाही म्हणून एकमेकींना दाखवलं.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरची एक बाई बसल्या जागी म्हणायला लागली. पन्नाशीची असेल. धोंडाबाई नाव, नंतर कळलं. कुठला फोन नाही, वाद्य नाही. डोळे मिटून, मांडीवर पदराचं टोक धरून ती डुलत होती. मग तिच्या शेजारची म्हणायला लागली, मग मागच्या ओळी. दादा, सगळ्या मंडपाला पाठ होतं. चाल थोडी बदलली होती. तुमची शिदोरी होती तशीच होती. फक्त साळूच्या जागी त्या धोंडाबाईनं दुसरंच नाव घेतलं, आणि ते घेताना तिचा आवाज फुटला.

मी माईक हातात घेऊन उभी होते. एकशे बारा पत्रं पाठवून मी आईचा आवाज घरी आणला. पण हे कसं परत मागायचं? याला कुठला अर्ज नाही. त्यांना थांबवावं असं क्षणभर वाटलं, कारण आई नको म्हणाली होती आणि तुमचं ते तुमचं होतं. मला थांबवता आलं नाही. मी मंचाच्या पायरीवर बसले आणि संपेपर्यंत ऐकलं. संपल्यावर मी कान देऊन बसले होते. पेल्याचा आवाज आला नाही.

चुकलं असेल तर सांगा. नंतर कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा या वेळी माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिलं.

थंडी आहे, पहाटे बांधावर जाऊ नका. माझ्यावर माया ठेवा.

तुमची,
माया

---

पाली,
१५ जानेवारी २०२५

चि. मायास,
दादाचा जयभीम.

तुजं पत्र चिमाजीनं वाचून दावलं. मग म्या आपलं आपुन वाचलं, दोन दिस लागलं. म्या चवथी शिकल्यालो हाय, सवय ऱ्हायली न्हाई. अक्षराला हसू नको.

हितं बरं हाय. भात मळून झालं. वाल फुलावर आल्यात. कुंडलिक येतो, सारकं कागूद लिवून घ्या म्हनतो. गीतकार म्हून तुमचं नाव नोंदवू म्हनतो. म्या न्हाई म्हनलो. नोंदवून कुनाला दावायचं हाय.

बायका म्हनल्या तर म्हनू दे. तुजी आई नको म्हनली ती तिच्या आवाजाला. म्या झोळीपाशी म्हनायचो तवा बांधावरनं कोन बी जायचं, आयकायचं. त्यांना कधी नको म्हनलो न्हाई. तू पायरीवर बसलीस ते बरं केलंस.

सवड काढून ये. भाकरीच्या कडा पातळ करायला शीक. जीव हाय तुज्यावर, तो हायेच.

तुजा,
दादा

ता. क. तू एक लिवायची राहिलीस. साळूच्या जागी त्या बाईनं नाव कुनाचं घेतलं? तिला गाठून इचार आन मला कळीव.